झाकली मूठ

(प्रस्तुत पुस्तकाच्या अनुवादाचे काम संपल्यावर बंगळूर येथील मराठी वाचकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषांतरकाराला व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. त्याचे नाव पुस्तकावर लहान टायपात येते आणि वाचकाला त्याची आठवण होते ती एखादे वाक्य घशात अडकले म्हणजे. असे असता आपण मला अगत्याने बोलावलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. पुस्तक हातचलाखीच्या इतिहासाचे आहे. मला स्वतःला साधा रुपया नाहीसा करता येत नाही. महिनाअखेरीस तो आपला आपणच नाहीसा होतो, ती गोष्ट निराळी. मराठी विषय घेऊन मी एम. ए. झाले आणि गेली वीस वर्षे इंग्रजीतून व थोडेफार कानडीतून भाषांतरे करीत आले. जादूशी माझा संबंध आला तो शब्दांच्या अडचणीमुळे, आणि त्या अडचणीनेच मला चिकपेटेजवळच्या एका गल्लीत, एका वयोवृद्ध शिंप्याच्या दुकानाशी नेऊन सोडले. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्या गृहस्थांविषयी, आणि ज्या प्रकारच्या मंडळात त्यांनी आपल्या आयुष्यातील जवळजवळ सर्व संध्याकाळी घालविल्या त्या मंडळांविषयी. त्यांचे नाव मी घेणार नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे. मी त्यांना काका म्हणत असे, तेच नाव येथे चालेल.

अडचण कोणती होती ते आधी सांगते. मराठीत या विद्येला शब्द पुष्कळ आहेत, परंतु प्रत्येकाला कसला ना कसला डाग आहे. ‘गारुड’ म्हटले की साप आणि सापाचे विष उतरविण्याचा मंत्र डोळ्यांपुढे येतो. ‘नजरबंदी’ म्हटले की प्रेक्षकांवर काही गूढ प्रयोग झाल्याचा भास होतो. ‘इंद्रजाल’ पोथीतले वाटते, ‘चेटूक’ म्हणजे दुसऱ्याचे वाईट करणे, आणि ‘जादू’ हा फार्शीतून आलेला शब्द खेळालाही चालतो व करणीलाही चालतो. राहता राहिली ‘हातचलाखी’. परंतु तिचा उपयोग आपण खिसेकापू आणि हिशेबनीस यांच्याबद्दलही करतो. हे झाले विद्येचे नाव. तळहातात नाणे असे दडवायचे की हात मोकळा दिसावा, पाहणाऱ्याचे लक्ष नेमक्या क्षणी दुसरीकडे वळवायचे, त्याला आपल्या मनातले पान स्वखुशीने उचलायला लावायचे, या प्रत्येक क्रियेला इंग्रजीत एकेक सुटसुटीत शब्द आहे. मराठीत मला पूर्ण वाक्य लिहावे लागत होते. कोणी तरी सांगितले की चिकपेटेत एक टेलर मास्तर आहेत, ते हे सारे करतात आणि घरी मराठी बोलतात.

बंगळूरच्या भावसार घरांत बोलली जाणारी मराठी आपणांस ठाऊक आहेच. क्रियापद मराठी, सूर कानडी, आणि मधूनच एखादा शब्द तंजावरच्या बाजूने आल्यासारखा. मी माझी शब्दांची यादी पुढे केली. काकांनी ती वाचलीसुद्धा नाही. “अम्मा, शब्द मागनं. आधी हात बघा,” असे म्हणून त्यांनी बोटातले अंगुस्तान वर धरले. ते नाहीसे झाले. मग ते दुसऱ्या हाताच्या बोटावर आले, मग चारही बोटांवर चार अंगुस्ताने आली. समोर एक गिऱ्हाईक मापासाठी हात वर करून उभे होते. त्यानेही हात खाली घेतले नाहीत. हा सारा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपला आणि काका पुन्हा टेप उचलून छातीचे माप सांगू लागले. अंगुस्तानांचा खेळ हा हातचलाखीचा एक मान्यताप्राप्त प्रकार आहे हे मला माझ्या पुस्तकावरून ठाऊक होते. तो जातिवंत शिंप्याच्या हातून पाहण्याचा योग मात्र किती जणांना येत असेल, याची मला शंका आहे.

त्यांनी ही विद्या कधी पोटासाठी वापरली नाही. आपल्या मराठी मुलखात पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुनाथ भोपळे, यांच्यासारखे लोक होऊन गेले. त्यांनी थिएटरे भरविली, देशोदेशी दौरे केले. त्यांची विद्या मुलाकडे आणि नातवाकडे गेली. कलकत्त्याचे पी. सी. सरकार तर 1956 च्या एप्रिल महिन्यात बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर एका मुलीला करवतीने कापीत असताना कार्यक्रमाची वेळ संपली, आणि मुलगी खरोखरच मेली असे समजून लोकांनी फोनवर फोन केले. हे झाले व्यावसायिक. हौशी माणसाची अडचण वेगळीच असते, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय ही मंडळे का निघाली हे कळावयाचे नाही. व्यावसायिकाला दररोज नवे प्रेक्षक मिळतात. दहा खेळ चोख आले की जन्म निभावतो. हौशी माणसाचे प्रेक्षक म्हणजे बायको, मुले, शेजारी आणि लग्नाला जमलेले तेच ते पाहुणे. त्यांच्यापुढे त्याला दरवेळी नवा खेळ लागतो. बरे, खेळ कसा केला हे कोणाला सांगता येत नाही आणि खेळ किती चांगला साधला हे तर मुळीच सांगता येत नाही. कारण उत्तम साधला म्हणजे पाहणाऱ्याला काही दिसलेच नाही. सहा महिने घासून बोटांनी आत्मसात केलेली एक हालचाल, आणि तिची प्रशंसा करू शकेल असा माणूस घरात नाही, आळीत नाही! गवयाला निदान ‘वाहवा’ म्हणणारा जाणकार भेटतो. या माणसाला जाणकार हवा असेल तर तो दुसरा जादूगारच असावा लागतो.

म्हणून मंडळे निघाली. 1902 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये मार्टिंका यांच्या जादूच्या साहित्याच्या दुकानामागील खोलीत काही मंडळी जमली आणि अमेरिकन जादूगारांची सोसायटी स्थापन झाली. 1905 साली लंडनमध्ये एका उपाहारगृहात तेवीस जण जमले व ‘मॅजिक सर्कल’ निघाले. त्यात धंदेवाले होते तसे हौशीही होते. 1922 साली कॅनडातील विनिपेग येथे लेन व्हिंटस या तरुणाने केवळ पत्रव्यवहारातून जगातील जादूगारांचा एक बंधुसंघ उभा केला. त्याचे मासिक ‘द लिंकिंग रिंग’ आजही निघते. ज्याच्या गावात दुसरा जादूगार नाही त्याला टपालातून भाईबंद भेटू लागले.

काकांचे मंडळ एवढे मोठे नव्हते. महिन्यातून एकदा, रविवारी रात्री साडेआठ वाजता, एका शाळेच्या वर्गात दहाबारा माणसे बसत. त्यांत बँकेतले कारकून होते, एक दंतवैद्य होता, विमानाच्या कारखान्यातले दोघे फिटर होते, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. बाके लहान मुलांची, त्यामुळे सर्वांचे गुडघे छातीशी आलेले. इतिवृत्त वाचले जाई, वर्गणीची थकबाकी वाचली जाई, आणि मग प्रत्येकाने एक खेळ करावयाचा. खेळ संपला की टाळ्या नाहीत. सगळे काही क्षण गप्प बसत आणि मग कोणी तरी म्हणे, “दिसलं.” काका सांगत की या एका शब्दाला ते जन्मभर घाबरले. मी दोन वेळा पाहुणी म्हणून त्या सभेस गेले. दुसऱ्या खेपेस त्या पोस्टमास्तरांनी, वय वर्षे ऐंशी, पत्त्यांचा एक डाव केला. हात कापत होते. पान उघड उघड दिसले. सगळ्यांनी पाहिले. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी काका म्हणाले, “नाही दिसलं,” आणि पुढच्या माणसाला उठण्याची खूण केली. इतक्या वर्षांत मंडळाच्या सभेत बोलले गेलेले ते एकमेव असत्य असावे, असे मला सेक्रेटरींनी नंतर सांगितले.

मंडळात काकांचे आणखी एक महत्त्व होते. खिसे! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले जादूगार ज्योतिष्यासारखे लांब झगे घालीत आणि टेबलांवर जमिनीपर्यंत कापड सोडीत. 1845 साली पॅरिसमध्ये रोबेर ऊदँ या घड्याळजीने स्वतःचे नाट्यगृह काढले आणि तो साध्या संध्याकाळच्या पोशाखात, सडसडीत टेबलांमध्ये उभा राहिला. पुढे ज्याच्या नावावरून अमेरिकेतल्या एका पोराने स्वतःला ‘हुडिनी’ म्हणवून घेतले तोच हा. हा पोशाख साधा दिसे, परंतु कोटाच्या शेपटीत, आतल्या बाजूस, कमरेशी, असे नाना प्रकारचे चोरखिसे असत, आणि कोणता खिसा हाताच्या नेमक्या कोणत्या उंचीवर यावा याचे शास्त्र बनले होते. ते शास्त्र काकांना मुखोद्गत होते. मंडळातील प्रत्येकाचा कोट त्यांनी शिवलेला होता. तेव्हा कोणाची वस्तू कोठून येते हे त्यांना खेळ सुरू होण्यापूर्वीच ठाऊक असे. “माझी मजाच गेली, अम्मा,” असे ते म्हणत.

आता गुपिताकडे वळते. कारण या सर्व मंडळांचा पाया तोच आहे. मॅजिक सर्कलच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ, आतल्या गोष्टी बोलून न दाखविणारा, असा काहीसा होतो. हे ब्रीद ते किती कडकपणे पाळत असत याचे एक उदाहरण पुस्तकात आले आहे. डेव्हिड डेव्हंट हा त्यांचा पहिला अध्यक्ष. त्या काळचा इंग्लंडमधील अग्रगण्य जादूगार. आजाराने हात गेले, रंगभूमी सुटली, आणि तो असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात राहू लागला. 1936 साली त्याने स्वतःच्याच खेळांची उकल सांगणारे लेख एका मासिकात लिहिले, आणि सर्कलने आपल्या पहिल्या अध्यक्षाला काढून टाकले. पुढे त्याला सन्मानाने परत घेतले हे खरे. परंतु जे खेळ त्यानेच निर्माण केले ते सांगण्याचा अधिकारही त्याचा नव्हता, ही गोष्ट भाषांतर करताना मला बरेच दिवस टोचत राहिली.

काकांना ती टोचली नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आपण अब्रूच्या संदर्भात म्हणतो; ते शब्दशः म्हणत. तथापि, मूठ कोणापुढे झाकायची, हा प्रश्न त्यांनाही एकदा पडला, आणि तो याच शहराने त्यांच्यापुढे टाकला.

बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजचे डॉ. एच. नरसिंहय्या आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. खादीचे कपडे, डोक्यावर पांढरी टोपी, बेचाळीसच्या चळवळीत भोगलेला तुरुंगवास, अमेरिकेत जाऊन मिळवलेली अणुभौतिकीतली डॉक्टरेट, आणि राहणे मात्र कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत. 1962 साली त्यांनी बंगळूर सायन्स फोरम काढला. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना 1976 साली त्यांनी चमत्कारांची व पडताळता येण्याजोग्या अंधश्रद्धांची शास्त्रीय चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. सत्य साईबाबांना त्यांनी तीन पत्रे पाठविली; उत्तर आले नाही. हवेतून वस्तू काढावयाचीच असेल तर मुठीत न मावणारी, भोपळ्यासारखी, काढून दाखवावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षी बंगळुरात चहाच्या दुकानापासून वकिलांच्या खोलीपर्यंत दुसरा विषय नव्हता. 1977 मध्ये ते कुलगुरुपदावरून दूर झाले आणि समितीही उरली नाही. 2005 साली ते वारले.

ज्याला हवेतून नाणे काढता येते अशा प्रत्येक माणसाकडे त्या वर्षी लोक वळून पाहू लागले. काकांच्या दुकानात गिऱ्हाइके येत आणि विचारीत, “मास्तर, हे कसं करतात?” मंडळात दोन सभा या वादात गेल्या. एक पक्ष म्हणे, आपल्याला ठाऊक आहे आणि आपण गप्प बसलो तर आपण त्या फसवणुकीचे भागीदार. दुसरा पक्ष म्हणे, शपथ ती शपथ. काकांची भूमिका दोहोंच्या मध्ये होती. “भस्म काढून दाखवायला मी तयार होतो, कसं काढलं ते सांगायला नव्हतो.” कोणी तरी साधा शिंपी ते करून दाखवतो एवढे लोकांनी पाहिले म्हणजे पुरे, असे त्यांचे मत.

मला ते पुरे वाटत नाही, आणि मी तसे त्यांना बोलूनही दाखविले. 1584 साली इंग्लंडात रेजिनल्ड स्कॉट याने जो ग्रंथ लिहिला त्यात हातचलाखीची उकल छापलेली आहे. इंग्रजीतील अशी ती अगदी आरंभीची. त्याने ती छापली ती करमणुकीसाठी नव्हे, तर चेटकिणी म्हणून निरपराध माणसांना फासावर देत होते म्हणून. हुडिनी 1917 पासून मरेपर्यंत अमेरिकन सोसायटीचा अध्यक्ष होता, आणि त्याच काळात त्याने मृतांशी बोलण्याचा आव आणणाऱ्यांची बिंगे भर सभेत फोडली. दक्षिणेत पोदनूरचे बी. प्रेमानंद हे स्वतः हौशी जादूगार. त्यांनी चमत्कारांच्या उकली सरळ पुस्तकात छापल्या. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जळता कापूर तोंडात घालून दाखवतात आणि मग तो कसा घातला हेही सांगतात. ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हे काम उभे केले त्यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात भर रस्त्यात खून झाला. उकल सांगणे हे काही लोकांना किती महाग वाटते हे यावरून दिसते.

काकांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला वाटते ते सहसा सांगत नसत. गल्लीतली एक विधवा बाई, पैसे दुप्पट करून देणाऱ्या एका भोंदूच्या नादी लागली होती. एक पाटली विकून झाली होती, दुसरीची बोलणी चालू होती. काकांनी तिला दुकानात बसविले, दहाच्या नोटेच्या दोन नोटा करून दाखविल्या, आणि मग सावकाश, बोटे उघडी ठेवून, ते कसे केले ते तीनदा दाखविले. पाटली वाचली. पुढच्या सभेत त्यांनी आपण होऊन उभे राहून सांगितले की माझ्याकडून नियमभंग झाला आहे, शिक्षा व्हावी. इतिवृत्तात त्या विषयापुढे एवढेच लिहिलेले आहे: ‘नोंद घेतली.’

गुपित राखणारी मंडळे माणसेही बाहेर राखतात, ही गोष्ट मात्र मला पुस्तकाने शिकविली. मॅजिक सर्कलमध्ये 1991 पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. सोफी लॉइड नावाची एक तरुण नटी, आपल्या गुरू जेनी विन्स्टनली यांच्या शिकवणीने, ‘रेमंड’ हा मुलगा बनली. विग, हातमोजे, बसलेला आवाज. त्या वेषात तिने प्रवेशपरीक्षा दिली, परीक्षकाबरोबर पेय घेतले आणि मार्च 1991 मध्ये ती रीतसर सभासद झाली. ऑक्टोबरमध्ये सर्कलने स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा दोघींनी खरी हकीकत सांगितली. आणि ज्यांचा जन्म लोकांना फसविण्यात गेला त्यांनी फसविल्याबद्दल तिला काढून टाकले! 2025 साली सर्कलने तिला शोधून काढून सभासदत्व परत दिले. जेनी त्यापूर्वीच अपघातात वारल्या होत्या. काकांच्या मंडळात स्त्रियांना कधीच मनाई नव्हती, असे सेक्रेटरी अभिमानाने सांगतात. सभा रविवारी रात्री साडेआठला असे. त्या वेळी कोणती गृहिणी येणार, हे त्यांना कोणी विचारले नसावे.

आणि दुसरा बाहेर राहिलेला म्हणजे आपला गारुडी. हिंदुस्थानी जादूचा युरोपात केवढा दबदबा होता! रामो सामी, म्हणजे बहुधा आपला एखादा रामस्वामी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात गेला. त्या काळात लंडनमध्ये खेळ करणाऱ्या हिंदी कलावंतांवर हॅझलिट या निबंधकाराने लिहिले ते 1821 साली छापले गेले. रामो सामी 1850 मध्ये वारला तेव्हा त्याला पुरण्यापुरतेही पैसे घरात नव्हते. दोरी हवेत उभी राहते आणि मुलगा वर चढून नाहीसा होतो, ही कहाणी जगभर पसरली ती मुख्यतः 1890 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने छापलेल्या बनावट बातमीमुळे. चार महिन्यांनी त्यांनी ती बनावट असल्याचे कबूलही केले, परंतु कबुली कोण वाचतो? 1934 साली मॅजिक सर्कलच्या एका समितीने हा खेळ करून दाखविणाऱ्यास 500 गिनी देऊ केल्या. म्हणजे जो खेळ गारुडी करीत नव्हता त्यासाठी बक्षीस. आणि जे तो खरोखर करीत होता, आंब्याची कोय रुजवणे, टोपलीतल्या मुलावर तलवारी चालविणे, वाट्यांखालचे गोळे, त्यांचे वर्णन व उकल फुकटात पुस्तकांत छापली गेली. त्याला ना कोट ना खिसे. तो जमिनीवर बसतो, बाह्या वर सारलेल्या, आणि लोक चारही बाजूंनी उभे. रंगमंचावरच्या कित्येक नामवंतांना तेथे पाच मिनिटेही निभावता येणार नाही, हे काकांचे मत होते.

त्यांना ते मत असण्याचे कारण होते. चौदापंधरा वर्षांचे असताना, म्हणजे 1950 च्या सुमारास, ते शिवलेले कपडे पोहोचवायला सिटी मार्केटकडे जात. तेथे थंडीच्या दिवसांत एक गारुडी येई, बरोबर त्याचा लहान मुलगा. तो पितळी तांब्यात पाणी घेई, दोऱ्याचे तुकडे करून त्यात टाकी, आणि बोट घालून सबंध दोरा बाहेर ओढी. सबंध आणि कोरडा. दोऱ्याशी ज्याचा जन्माचा संबंध त्या मुलाला वेड लागले. दोन हिवाळे पाठपुरावा केल्यावर गारुड्याने अट घातली: एक जाकीट शिवून दे. मुलाने दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून जाकीट शिवले. गारुड्याने खेळ शिकविला आणि दुसरी अट घातली: कोणाला द्यायचा नाही; माझा मुलगा मोठेपणी मागायला आला तर त्याला मात्र द्यायचा, कारण माझे काय सांगावे.

पुढे मंडळ निघाले तेव्हा काकांनी पहिल्याच वर्षी सुचविले की या माणसाला एका सभेला बोलवावे. त्यांना सांगण्यात आले की सभासद होण्यास सूचक व अनुमोदक लागतो, आणि रस्त्यावर थाळी फिरविणारा माणूस शाळेच्या वर्गात कसा आणणार? काकांनी आग्रह धरला नाही. ही एक गोष्ट त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात गारुडी आला नाही. मुलगाही कधी आला नाही. काका मात्र वर्षानुवर्षे थंडीच्या दिवसांत मार्केटवर एक फेरी मारीत. तो खेळ त्यांनी मंडळात एकदाही केला नाही. मला एकदा, दुकान बंद झाल्यावर, दाखविला. दोरा माझ्या हातात दिला. तो कोरडा होता.

1926 साली हुडिनीच्या अंत्यविधीच्या वेळी सोसायटीतर्फे एक कांडी मोडण्यात आली, तेव्हापासून ती प्रथा पडली. दोन वर्षांपूर्वी काका वारले, तेव्हा पुढच्या सभेत सेक्रेटरींनीही एक वेताची कांडी मोडली; वेत चिवट असल्याने ती दोन प्रयत्नांत मोडली. नंतर काकांच्या सूनबाईंनी मला बोलावून एक जाड वही दिली. “तुम्हांला त्यांचं अक्षर लागतं,” त्या म्हणाल्या. ही त्यांची मापांची वही. छाती, कंबर, बाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत, मराठीत, साठ वर्षांचे खेळ. या पुस्तकाला परिशिष्ट म्हणून ते छापावेत काय, असे मला विचारण्यात आले होते. मी नको म्हटले. माझ्या पुस्तकात ज्या उकली आहेत त्या शेदोनशे वर्षे छापील स्वरूपात फिरत आहेत. या फिरलेल्या नाहीत. वही मंडळाची आहे असे मी धरले आणि ती घेऊन सभेस गेले.

तेथे एक गोष्ट ध्यानात आली. वहीतली दोन पाने एकमेकांना शिवलेली आहेत. चारही कडांनी, बारीक, एकसारखा धावदोरा. वरच्या पानावर ‘ठेव’ एवढाच शब्द. एक तरुण सभासद, संगणकाच्या कंपनीतला, फार हुशार हाताचा मुलगा, म्हणाला की ब्लेडने एका मिनिटात उसवता येईल. पाहून पुन्हा शिवून ठेवू, नाहीतर हा खेळ आपल्याबरोबर संपला. त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही. तो मुलगा असेल तर आज पंचाहत्तरीच्या पुढे असेल. दंतवैद्य म्हणाले, पुन्हा शिवाल, पण असा टाका कोण घालणार? विषय पुढच्या सभेवर टाकण्यात आला. पुढच्या सभेत तो त्याच्या पुढच्या सभेवर टाकण्यात आला. मध्यंतरी मी मार्केटवर दोन थंडीच्या दिवसांत चौकशी केली. फुलवाल्यांपैकी एका म्हाताऱ्याला जाकीट घातलेला गारुडी आठवतो, त्याचे गाव आठवत नाही.

तोपर्यंत वही माझ्या ताब्यात दिली आहे, आणि मंडळाच्या परवानगीने आज ती येथे आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. खेळांच्या मजकुरावर मी कागद लावले आहेत, ते कृपया उचलू नयेत. मापे वाचण्यास हरकत नाही. त्यांत आपल्यापैकी काहींच्या वडिलांची निघतील.